पिवळ्या घराची उगवती

हॅलिफॅक्समधलं आमचं पहिलं घर आता उरलेलं नाही. घर गेलं तर गेलं, माणूस समजून घेतो; पण त्या घराची अख्खी गल्लीच गेली. आम्ही नोकरीसाठी ऑन्टारिओत गेलो आणि काही वर्षांनी परत आलो, तोवर बंदराकडे उतरणारी ती सगळी लाकडी घरं पाडून झाली होती. मी मुलीचं बोट धरून तिथे उभी राहिले आणि नुसती बघत राहिले. आपलं घर कुठे होतं, शेजारणीचं कुठे, काही पत्ता लागेना. मुलगी म्हणाली, "आई, देअर्ज नथिंग हिअर." मी म्हटलं, "हो गं बाई, दिसतंय मला."

त्या घराच्या आवारात तिची नाळ पुरलेली होती. हे तेव्हा तिला सांगून काय उपयोग? ती शाळकरी पोर, तिला आइस्क्रीम हवं होतं. आइस्क्रीम घेतलं आणि घरी आलो.

आता ती पन्नाशीला टेकली आहे, कॅनडाच्या पार पश्चिम टोकाला कोक्विटलामला असते, आणि आम्हां दोघांना कायमचं तिकडे न्यायचं तिने ठरवलं आहे. ठरवलं म्हणजे ठरवलंच, विचारलं कुठे! आमच्या ह्यांचा खांदा गेल्या हिवाळ्यात स्नो शोव्हल करताना दुखावला, माझे गुडघे तर कधीचेच संपावर आहेत. "डन. धिस इज युअर लास्ट विंटर देअर," असं तिने फोनवर जाहीर केलं. ऑक्टोबरात ती येणार, सामान बांधायला मदत करणार आणि आम्हांला घेऊन जाणार. एकदा गेलो की परत कोण येतंय इथे! आणि त्याच फोनवर ती सहज काहीतरी बोलून गेली. ऑफिसात कोणीतरी तिला परत विचारलं होतं, तू कुठली? ती म्हणाली हॅलिफॅक्स. मग पुढचा ठरलेला प्रश्न, ते ठीक आहे, पण खरी कुठली? हे तिचं जन्मभर चालू आहे. आणि रत्नागिरीला नेलं की तिथे माझ्या माहेरचे सगळे तिला "कॅनडाची" म्हणतात. "आय'म नॉट फ्रॉम एनीव्हेअर, आई. इट्स फाइन," असं म्हणून तिने विषय बदलला.

माझी मुलगी इट्स फाइन म्हणाली की समजावं, फाइन नाही. अगं, कुठली नाहीस म्हणजे काय? तुझी नाळ आहे ना इथे! मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, जायच्या आधी मला तिला त्या जागेवर एकदा उभं करायचं आहे. काहीही करून.

"कुठल्या जागेवर?" ह्यांनी विचारलं. "जागा आहे कुठे?"

म्हणून मी लायब्ररीत गेले. म्हटलं, जुने फोटो असतील. तिथे जुन्या कागदपत्रांचा वेगळा मजला आहे. पर्स कपाटात ठेवायची, पेन न्यायचं नाही, नुसती पेन्सिल. टेबलापाशी बसलेली लायब्रेरियन बाई साधारण माझ्या मुलीच्या वयाची, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नाळ वगैरे मी सांगितलं नाही, फक्त घर शोधतेय म्हटलं. ती म्हणाली, फोटो फारसे मिळणार नाहीत, भाड्याच्या घरांचे फोटो कोण काढतं? पण आगीच्या विम्याचे नकाशे आहेत, ते बघा.

मला वाटलं, झालं, मी मागितलं काय आणि ही देतेय काय. पण तिने तो नकाशा टेबलावर पसरला आणि मी तोंडात बोट घातलं.

काय सांगू तुम्हांला! पूर्वी विमा कंपन्यांना प्रत्येक घर जाऊन बघणं परवडायचं नाही, म्हणून गावोगाव माणसं फिरून हे नकाशे करायची. कुठलं घर कशाचं बांधलेलं, किती मजले, शेजारच्याला किती चिकटलेलं, आग विझवायचा नळ कुठे, सगळं त्यात. विटांचं घर गुलाबी, दगडाचं निळं, लाकडाचं पिवळं. घराच्या पाठीमागचं कोळशाचं खोपट, कोंबड्यांचं खुराडं, काही म्हणून सोडलेलं नाही. त्या माणसांना आगीचीच भीती. आणि भीतीपोटी का होईना, त्यांनी ज्या घरांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं त्यांची पायरी न् पायरी मोजून ठेवली. एखादं घर पाडलं किंवा नवं बांधलं तर नवा नकाशा नाही काढायचा, तेवढ्याच चौकोनाचा कागद कापून वर चिकटवायचा. आमची आई गोधडीला ठिगळ लावायची ना, अगदी तस्सं. मी बोट फिरवून बघितलं तर त्या ठिगळांच्या कडा हाताला लागत होत्या. बाईने हळूच सांगितलं, हात नका लावू. मी ओशाळून हात मांडीवर ठेवले, आणि दोन मिनिटांत परत लावले.

आमची गल्ली सापडली. सगळीच्या सगळी पिवळी. हळद लागलेल्या नवरीसारखी बसली होती, टेकडीपासून बंदरापर्यंत. कोपऱ्यावर एकच निळं, ते दगडी चर्च. ते अजून तिथेच उभं आहे. चर्चपासून खाली मोजत आले आणि आमचं घर दिसलं. घराचा नंबर लिहिलेला होता. दोन मजले. मला एकदम रडूच आलं. ज्या घरात मी पहिल्यांदा चपाती करपवली, ज्याच्या जिन्यात मी पोट घेऊन धापा टाकायचे, ते घर अख्ख्या गावात मी सोडून एका आगीला घाबरणाऱ्या माणसाला तेवढं आठवत होतं. लायब्रेरियनने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. पण आधी नकाशा मागे ओढून घेतला, ते मात्र माझ्या लक्षात राहिलं!

आता आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण मला जाता येईना, म्हणून माहेरच माझ्याकडे आलं. माझी आई जन्मात कधी रत्नागिरीहून पुण्यापलीकडे गेली नव्हती. ती एकटी विमानात बसून ऐन हिवाळ्यात हॅलिफॅक्सला उतरली. बरोबर डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, वावडिंग आणि एक मातीची शेगडी. शेगडी कशाला, तर बाळंतिणीला शेक द्यायला. खाली लाकूड, वर लाकूड, भिंती लाकडाच्या, आणि ही बया माझ्या खाटेखाली निखारे ठेवून ओव्याची धुरी देतेय. तळमजल्यावर घरमालकीण राहायची, ती धूर नाकात गेल्याबरोबर पाण्याची बादली घेऊन धावत वर आली. आईने शांतपणे तिच्या हातात एक लाडू ठेवला. पुढे नकाशातला पिवळा रंग बघून ह्यांना तेच आठवलं. म्हणाले, "विम्याच्या माणसाला तुझी आई कळली असती, तर त्याने अख्खी गल्ली लाल केली असती."

मुलीची नाळ पडली तेव्हा आईने ती पुरायची म्हटलं. कोकणात घराशी पुरतात, म्हणजे पोराची ओढ घराकडे राहते. बाहेर जमीन दगडासारखी गोठलेली. आईने ह्यांचा ओव्हरकोट आणि बूट घातले आणि किटलीभर उकळतं पाणी ओतून जमीन मऊ केली. मी तेव्हा आत गाढ झोपले होते, बाळंतिणीची झोप ती. जाग आली तर आई लालभडक हात बगलेत धरून उभी होती. म्हणाली, "उगवतीकडच्या खोपटामागे पुरलीय, भिंतीला लागून. मोठी झाली की दाखव तिला."

घराला दोन खोपटं होती, एक टेकडीकडे आणि एक बंदराकडे, आणि मधे घर. बर्फ वितळायच्या आतच आमची बदली झाली. पण उगवती म्हणजे उगवती, त्यात काय कळायचंय? इथे सूर्य बंदरातून वर येतो, हे मला गेली कित्येक वर्षं रोज आताच्या घराच्या स्वयंपाकघरातून दिसतं. म्हणजे बंदराकडचं खोपट.

नकाशात दोन्ही खोपटं होती. इवलीशी, पिवळी. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे माझ्याहून जास्त पेटले. हे सिव्हिल इंजिनियर, अमरावतीचे, निवृत्त होऊन घरात नुसते बसलेले. त्यांना काम मिळालं ना! दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर लायब्ररीत आले, नकाशाची प्रत काढून घेतली, तिच्यावर ट्रेसिंग पेपर धरला, चर्चचा कोपरा पक्का धरून आजच्या नकाशाशी जुळवलं. मग आम्ही दोघं टेप घेऊन तिथे गेलो. वाऱ्याने टेप फडफडतोय, हे ओरडताहेत "घट्ट धर!", आणि मी एका हाताने टोपी आणि एका हाताने टेप धरून उभी. येणारीजाणारी माणसं बघत होती. मला काय त्याचं.

बंदराकडचं खोपट नेमकं एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीखाली निघालं. त्यातही पार्किंगचा रॅम्प जिथून जमिनीखाली उतरतो तिथे. म्हणजे नुसतं वर बांधकाम नाही, खालची मातीसुद्धा खणून नेलेली.

ह्यांनी परत मोजलं. परत तेच आलं. मग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "नसेल नशिबात." हे कधी नशिबाचं नाव काढत नाहीत. मला त्यांचाच राग आला. म्हटलं, तुमच्यासारख्या इंजिनियरांनीच खणलं असेल! बिचारे बसमध्ये माझा हात धरून बसले.

ऑक्टोबरात मुलगी आली. मी तिला काही सांगणार नव्हते, पण तिने टेबलावरचा ट्रेसिंग पेपर बघितला. "व्हॉट्स धिस?" मग सगळं सांगावं लागलं. नाळ, किटली, ओव्हरकोट, रॅम्प. ती ऐकत राहिली. "आजीने किटलीने केलं?" हे मात्र तिने मराठीत विचारलं. मग म्हणाली, "इट्स फाइन, आई. रिअली." आणि उठून खोक्यांना टेप लावायला लागली. खूप जोरात टेप ओढत होती.

थोड्या वेळाने मात्र म्हणाली, मला तो खरा नकाशा बघायचाय.

म्हणून आम्ही तिघं लायब्ररीत गेलो. लायब्रेरियनला बरं वाटलं, घरचे कोणी आले की वाटतं ना तसं. नकाशा पसरला. मुलगी वाकून बघायला लागली. तिला चर्च, गल्ली, घर, सगळं दाखवलं. पण पहिल्या दिवसापासून मला त्या नकाशात काहीतरी खुपत होतं. नकाशात उत्तर वर, म्हणजे बंदर उजव्या हाताला. ते मला बघवेना. डोक्याला मुंग्या येत होत्या. शेवटी मी त्या बाईला म्हटलं, हा जरा उलटा फिरवता येईल का? तिने आणि मुलीने दोन बाजूंनी धरून अलगद फिरवला. बंदर डाव्या हाताला आलं. आणि मला एकदम हायसं वाटलं.

हे हसायला लागले. "अगं, एवढी वर्षं झाली, तुझा समुद्र अजून डावीकडेच!" मुलीला समजेना. ह्यांनी तिला समजावलं, "रत्नागिरीला समुद्र पश्चिमेला. हिच्या डोक्यात समुद्र म्हणजे मावळतीच. तुझ्या आजीचं तर विचारूच नकोस. तिला मी एकदा सांगायला गेलो होतो..."

आणि ते थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं. आम्हां दोघांना एकदमच आठवलं.

आई रोज सकाळी आंघोळ करून त्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहायची आणि सूर्याला हात जोडायची. ती खिडकी टेकडीकडे होती. सूर्य तिच्या पाठीमागून बंदरातून वर यायचा, तेही धुकं नसलं तर. ह्यांनी तिला एकदा सांगितलं, आई, सूर्य तिकडे आहे. आई म्हणाली, "समुद्र तिथे, म्हणजे उगवती इथे. इथला सूर्य कसा का वागेना, मी माझ्या उगवतीला हात जोडते." आणि जोडले.

"अहो!" मी ओरडलेच. लायब्ररीत सगळ्यांनी माना वर केल्या. "अहो, टेकडीकडचं खोपट!"

मला हसूही येत होतं आणि रडूही. आई बिचारी जन्मभर कोकणात राहिली, तिने स्वतःची दिशा बरोबर बांधून आणली आणि तिथेच नाळ पुरली. मी मात्र इथल्या सूर्यावरून जागा ठरवत बसले. इतकी कधी मी इथली झाले होते, ते मला त्या टेबलापाशी कळलं. ह्यांनी तोवर ट्रेसिंग पेपर बाहेर काढला होता आणि पेन्सिल शोधत होते. लायब्रेरियनने न विचारता स्वतःची पेन्सिल पुढे केली. मग काय झालं ते सगळं तिला सांगावं लागलं, नाळेसकट. तिने ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाली, मलाही नंतर सांगा, सापडलं का ते.

लायब्ररीतून थेट तिथेच गेलो. ह्यांच्या खिशात टेप होताच, अशा माणसाच्या खिशात असतोच. चर्चच्या कोपऱ्यापासून मोजत आलो. या वेळी टेपचं दुसरं टोक मुलीने धरलं होतं. इमारत संपते, फुटपाथ येतो, आणि फुटपाथच्या कडेला बस स्टॉपमागे गवताची एक पट्टी आहे. तिथे काही बांधलेलं नाही. एक मेपलचं झाड आहे, बाकी गवत आणि कोणीतरी टाकलेला कॉफीचा कप.

"इथे," हे म्हणाले. "इकडेतिकडे हातभर धरा."

मुलगी त्या गवतावर जाऊन उभी राहिली. तिने कॉफीचा कप उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, परत येऊन पुन्हा तिथेच उभी राहिली आणि बुटाने गवत जरा दाबून बघितलं. मी म्हटलं, "आजीचे हात लालभडक झाले होते गं." तिने मान हलवली. तिचं नाक लाल झालं होतं, आणि तेवढी थंडी काही नव्हती. मी तिच्या जवळ गेले आणि तिला घट्ट धरलं.

बस स्टॉपवर एक म्हातारी गोरी बाई बसली होती, मांडीवर ग्रोसरीची पिशवी. ती मघापासून आमचा टेप आणि आमची गडबड बघत होती. अगदी गोड आवाजात तिने मुलीला विचारलं, "व्हेअर आर यू फ्रॉम, डिअर?"

हे टेप गुंडाळायचे थांबले. हा प्रश्न आला की माझी मुलगी आधी हॅलिफॅक्स म्हणते, मग गप्प होते, मग इट्स फाइनवर येते, हे आम्हांला पाठ आहे.

तिने नाक पुसलं आणि खाली आपल्या बुटांकडे बघितलं.

"हिअर," ती म्हणाली. "राइट हिअर."

बाईने पिशवी सावरली आणि शेजारची जागा मोकळी केली. म्हणाली, मग बस ना, बसला अजून वेळ आहे.

मुलगी म्हणाली, येतेच. आणि टेकडीकडे तोंड करून, समुद्राकडे पाठ करून, तिने हात जोडले.